तांदळाच्या दाण्याएवढं

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नंतर वाद नको. प्रोसेसर म्हातारा होत नाही. त्याचा पंखा म्हातारा होतो, वायरी म्हाताऱ्या होतात, तो विकणारा तर होतोच होतो. पण प्रोसेसर एक तर चालतो, नाहीतर जातो. मधलं खोकत-कण्हत जगणं त्याला येत नाही. हे मी गिऱ्हाइकांना इतक्या वेळा सांगितलंय की दुकानासमोरचा पानवालाही आता पाठ म्हणून दाखवतो.

मी शिरीन. नंदुरबारच्या बाजारात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पाटीवर अजून अब्बांचं नाव आहे, 'अन्वर रेडिओ', आणि ते मी बदलणार नाही. लोक तोंडावर शिरीनबेन म्हणतात, पाठीमागे तिखट म्हणतात. मिरचीच्या गावात राहून तिखट नसेन तर काय बासुंदी असेन?

तर यंदा थंडी नुकती पडायला लागली होती आणि सकाळी सकाळी सरलाबाईंचा फोन आला.

"शिरीनबेन, जशी शे तशी ये. जीवनभाई बंद पडना."

ऐकणाऱ्याला वाटेल घरातलं माणूस गेलं. तसं नाही. जीवनभाई म्हणजे प्रोसेसर.

सरलाबाई गुजर घरातल्या, माहेर-सासर दोन्ही तापीकाठचं. नवरा वारला तेव्हापासून शहराबाहेर, जिथे लाल मिरच्या उन्हात पसरून वाळवतात त्या पथारीवर, मिरची निवडायचा कारखाना त्या चालवतात. तिथे एक सॉर्टर आहे. सुक्या मिरच्या वरून घसरत येतात, चार कॅमेरे एकेक मिरची बघतात, आणि पांढरी पडलेली, म्हणजे फटकी मिरची दिसली की हवेचा एक फटका मारून मशीन तिला बाजूला उडवतं. हे बघणं-ठरवणं ज्या कॉम्प्युटरवर चालायचं तो गेल्या वर्षी जळाला. सॉर्टर विकणारे म्हणाले, सबंध मशीनच नवं घ्या. कॅमेऱ्याचं कार्ड जुनं, ते बसवायला नव्या कॉम्प्युटरात खाचच नाही म्हणे. मी म्हटलं, खाच नाही काय, मी आणते खाच! सुरतेहून एक जुनं वर्कस्टेशन मागवलं, आणि त्यात घालायला एका सर्व्हरमधून निघालेला झिऑन प्रोसेसर मी स्वतः सुरतेला जाऊन निवडला. पोळीच्या डब्यात ठेवून, डबा मांडीवर घेऊन गाडीत बसले. खांडबारा स्टेशनला शेजारच्या बाईने विचारलं, "डब्यात काय आणलं बेन?" मी म्हटलं, "आठ कोर."

झिऑन हा शब्द पथारीवर कुणाच्या जिभेवर बसेना. त्याचं जिओन झालं, मग जीवन झालं, आणि सरलाबाईंनी मागे भाई जोडून त्याला घरातलाच करून टाकला.

बसवताना त्या स्टुलावर बसून, हाताची घडी घालून, माझा हात न हात बघत होत्या. मला असं कुणी बघितलं की राग येतो, पण त्यांचं बघणं शिकणाऱ्याचं होतं. म्हणून मी त्यांना याची सगळी कुंडली सांगितली. मॉडेल दोन हजार बारा सालचं. कोर आठ, थ्रेड सोळा, म्हणजे कामाला माणसं आठ पण प्रत्येकजण दोन टोपल्या सांभाळणारा. वेग दोन पूर्णांक सहा गिगाहर्ट्‌झ. हाताशी वीस एमबीचं कपाट, कॅश म्हणतात त्याला. मेमरीकडे जायला चार वाटा, घरगुती प्रोसेसरला बहुधा दोनच असतात. खातो एकशे पंधरा वॅट. खाईना का, तेवढं राबतो. स्वतःचं चित्र दाखवत नाही, पडद्यासाठी वेगळं कार्ड लावावं लागतं. मला तर हा गुणच वाटतो. राबणाऱ्याने कशाला खिशात आरसा ठेवावा?

"आणि काकी, सगळ्यात मोठी गोष्ट," मी म्हटलं, "याच्या मेमरीला चूक कळते. एक चूक झाली तर गुपचूप सुधारून पुढे जातो. दोन झाल्या तर सुधारता येत नाही, पण झाकतही नाही. थांबतो आणि सांगतो, चूक झाली."

तेव्हा भूपेंद्र हसला होता. भूपेंद्र म्हणजे सरलाबाईंच्या दिराचा मुलगा, कारखान्यात निम्म्या वाट्याचा. "मिरची निवडाले चूक पकडनारी मेमरी!" म्हणाला. सरलाबाई हसल्या नव्हत्या.

शेवटी हीटसिंक बसवायचा होता. हीटसिंक म्हणजे पात्यापात्यांचा धातूचा ठोकळा, तो प्रोसेसरच्या डोक्यावर बसतो आणि त्याची उष्णता ओढून घेतो. तो ठेवण्याआधी मी ट्यूबमधून करड्या पेस्टचा थेंब प्रोसेसरवर सोडला.

"हाई काय?" सरलाबाईंनी विचारलं.

"हा जीवनभाईचा टिळा. तांदळाच्या दाण्याएवढा. याच्याशिवाय तो कामाला बसत नाही."

उचलली जीभ लावली टाळ्याला! हसलो दोघी. मी स्क्रू आवळले, गेला सबंध हंगाम मशीन धडधडत चाललं, आणि ते बोलणं मी विसरूनही गेले.

आता यंदाचं ऐका. मी स्कूटर लावली तर दारातच कमलीबाई भेटली. निवडणाऱ्या बायकांची ही मुकादम, डोंगराकडची भिल्ल बाई, एरवी मला बघितलं की लांबूनच हाळी देणारी. आज तिने नुसता हात धरून मला बाजूला नेलं. आदल्या संध्याकाळी मोठी खडाजंगी झाली होती म्हणे. भूपेंद्र म्हणाला, काकी, आता पुरे, तुम्ही घरी बसून देवदेव करा. मी नवं मशीन घेतो आणि कारखाना खापरला माझ्या जागेत नेतो. खापर म्हणजे पार गुजरातच्या वेशीला. कमलीबाईच्या बायका तिथे रोज कशा जाणार? सरलाबाईंना चढला राग. त्यांनी कमरेचा चाव्यांचा जुडगा काढून भूपेंद्रच्या हातात आपटला आणि म्हणाल्या, उद्या हंगामाचा पहिला सुका माल जीवनभाईवर निघाला तर चाव्या मला परत दे, नाही निघाला तर तुझ्याजवळच ठेव.

"आनि सकाळी चालूच व्हयना नही," कमलीबाई म्हणाली. "काकी गई तं आम्हीबी गयूत, शिरीनबेन."

आत गेले. सरलाबाई त्याच स्टुलावर बसल्या होत्या, पण घडी घातलेले हात आज मांडीवर नुसते पडले होते. कमरेला जुडगा नव्हता, म्हणून की काय, बाई अर्धी दिसत होती. मला ते बघवलं नाही. भूपेंद्र बोटात जुडगा फिरवत उभा.

"शिरीनबेन, तुम्ही धावत उन्या खऱ्या," तो म्हणाला, "पन पेशंट मरी गया."

"मेला की नाही ते मी सांगणार. तुम्ही फक्त उजेडातून बाजूला व्हा."

बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला, कॅमेऱ्यांची चित्रंही आली. मग पंखा एकदम किंचाळायला लागला आणि खट्! सगळं काळं.

"देखा? म्हातारा व्हई गया. जुना मालनं आसंच ऱ्हास."

माझं डोकं सणकलं. "भूपेंद्रभाई, मेलेला माणूस उठून दोन वाक्यं बोलून परत मरतो का? हा मेलेला नाही. हा तापलाय. तापला की हा स्वतःला जळू देत नाही, आपणहून बंद होतो. याला अक्कल म्हणतात, मरण नाही."

असं ठणकावून सांगितलं खरं, आणि हीटसिंकवर बोट टेकवलं. तो थंड होता. अगदी माठासारखा थंड. खालचा प्रोसेसर भट्टीसारखा तापून बंद पडतोय आणि त्याच्या डोक्यावरच्या ठोकळ्याला पत्ता नाही, म्हणजे दोघं एकमेकांना टेकलेलेच नाहीत. मधे काहीतरी आहे. मी चारही स्क्रू सोडवले आणि हीटसिंक उचलला.

या अल्ला.

पेस्टचा मागमूस नाही. घासूनपुसून लख्ख केलेला प्रोसेसर, त्याच्या मधोमध सुकलेला कुंकवाचा टिळा, आणि त्यावर अक्षता. एकदोन दाणे चिरडून पीठ झालेले, बाकी टणटणीत. हीटसिंक बिचारा त्या तांदळांवर पाटावर बसावं तसा बसला होता.

मी मान वर करून सरलाबाईंकडे बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. मग सगळं माझ्या ध्यानात आलं. दसरा! दसऱ्याला इथे मोटारीपासून विळ्यापर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं. बाकीच्यांनी खोक्याला लावलं असतं. सरलाबाई म्हणाल्या असणार, खोक्याला कशाला, काम करतो त्याच्या कपाळालाच लावू. जुना टिळा वाळलेला दिसला, तो पुसला. नवा लावला, वर अक्षता वाहिल्या. आणि मग चारही स्क्रू आडवे-तिरपे, जसे मी आवळले होते तसेच बरोबर आवळून ठेवले. माल तेव्हा ओला होता, सॉर्टर बंदच होता, म्हणून आजपर्यंत कुणाला कळलं नाही.

मला राग आला, हसूही आलं. पण खरं सांगितलं तर भूपेंद्रच्या हातात आयतं कोलीत. काकींनीच मशीन बंद पाडलं, म्हणणार. देवदेव घरीच करा, म्हणणार. आणि मी, अन्वर रेडिओवाल्याची शिरीन, सगळ्यांदेखत म्हणू, की काकी, तुमच्या पूजेने मशीन बंद पडलं? ते वाक्य नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर पोचेपर्यंत त्याला किती शेपट्या फुटतील हे मला कुणी शिकवायला नको. गप्प बसून हीटसिंक तसाच परत ठेवावा तर जीवनभाई मेला, चाव्या गेल्या, आणि माझ्या शब्दावर या गावात पुन्हा कुणी जुनं मशीन घेणार नाही.

मी प्रोसेसरवर तळहात झाकला.

"काय निंघनं?" भूपेंद्र वाकला. त्याला बोटांच्या फटीतून लाल दिसलंच.

"धूळ," मी म्हटलं. "मिरचीची धूळ."

लाल ते लाल. वाटलं, सुटले.

कसली सुटते! भूपेंद्रचा चेहरा उजळला. "मंग मी येगळं काय सांगी ऱ्हायनू? मिरचीना कारखानामा मिरचीनी धूळ तं ऱ्हाईच. आज तुम्ही पुसशात, आठ दिनमा परत बसई. आते नवंच मशीन लेनं पडई." आणि जुडगा खिशात घातला.

तोंडात मारल्यासारखं झालं मला. खोटं बोलायचं तर बाईने निदान दोन पावलं पुढचं बघून बोलावं. त्याच्या खिशात चाव्या खुळखुळल्या.

"हात काढ, शिरीनबेन."

सरलाबाई उठून जवळ आल्या होत्या. मी हात काढला नाही. त्यांनी माझं मनगट धरलं आणि हळूच बाजूला केलं.

"ती मिरची नही, भूपेंद्र. ते कुकू शे. दसराले मीच लायं. जुना टिळा पुसा, नवा लाया, वर अक्षता वाह्यात. त्याघाई बंद पडना."

कमलीबाईने तोंडावर पदर धरला. दाराशी जमलेल्या बायका आत डोकावल्या. आणि भूपेंद्र मोठ्याने हसला.

"काकी! म्हनीसनच सांगी ऱ्हायनू. घर बठा, देवदेव करा. मशीन तुम्हीच बंद पाडं!"

"हां, मीच पाडं," सरलाबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण कापतही नव्हता. "मन्ही चूक शे. पन तू तठे उभा व्हता, तू बी ऐकं. जीवनभाईना गुण काय? एक चूक व्हयनी तं सुधारी लेस. दोन व्हयन्यात तं झाकस नही, थांबीसन सांगी देस. तू हसना व्हता. मी नही हसनू. तुन्हा काका गयात तवयपासून मी हाऊ कारखाना चालाया, तो चूक झाकीसन नही चालाया. आजबी नही झाकनार."

खरं सांगते, माझे डोळे भरून आले. मिरचीने नाही.

"आणि दुसरी चूक माझी," मी उभी राहिले. "याला टिळा मीच म्हटलं होतं. करड्या पेस्टला पेस्ट म्हटलं असतं तर काकींनी हात लावला नसता. आता धूळ म्हटलं ती तिसरी. तेवढी मोजू नका. पण भूपेंद्रभाई, तुमच्याच तोंडचा हिशोब बघा. धूळ परत परत बसते, खरंय. अक्षता परत बसणार आहेत का? मग नवं मशीन कशाला?"

भूपेंद्रने हनुवटी खाजवली. माणूस हट्टी आहे, पण व्यापारी आहे. सरळ हिशोब त्याला पटतो.

"आधी चालू तं द्या," तो म्हणाला.

मी तांदळाचे दाणे एकेक करून कागदावर घेतले. फुंकर मारून उडवले नाहीत. देवाला वाहिलेलं होतं, माझ्या नसेना का, कुणाच्या तरी. पुडी करून सरलाबाईंना दिली, त्यांनी ती पदराच्या गाठीत बांधली. मग स्पिरिटच्या फडक्याने कुंकू पुसलं. प्रोसेसरच्या पाठीवर कोरलेलं नाव आणि आकडे स्वच्छ दिसायला लागले. ट्यूब काढली, आणि काय वाटलं कोण जाणे, ती सरलाबाईंपुढे धरली.

"तुम्ही लावा."

"मी? आते परत?"

"स्क्रू तुम्ही माझ्यापेक्षा नीट आवळलेत. हे पण जमेल. फक्त दाणा नाही काकी, दाण्याएवढं."

त्यांनी ट्यूब दाबली. जरा जास्तच आलं, जास्तीचं त्यांनी बोटाने टिपून घेतलं. हीटसिंक मी धरला, स्क्रू त्यांनी आवळले, आधी हा कोपरा, मग समोरचा. पंख्याची वायर जोडली.

"दाबा बटण," मी भूपेंद्रला म्हटलं. "तुमच्याच हाताने."

त्याने दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला, चार कॅमेऱ्यांची चार चित्रं आली. पडद्याच्या कोपऱ्यात मी तापमानाचा आकडा लावून ठेवला होता. तो चढायला लागला. चाळीस. चव्वेचाळीस. बायका आत येऊन माझ्या मागे दाटल्या. पंखा किंचाळायची मी वाट बघत होते, आणि खोटं कशाला बोलू, तोंडाने कितीही ऐट केली तरी ओढणीचं टोक मी मुठीत पिळत होते. एक्कावन्न. बावन्न. आकडा तिथे थांबला, एक घर खाली आला, आणि तिथेच राहिला.

"टाक माल!" सरलाबाई ओरडल्या.

कमलीबाईने टोपली उपडी केली. मिरच्या खळखळत घसरल्या, कॅमेऱ्यांसमोर आल्या, आणि फट्, फट्, फट्, फटक्या मिरच्या उडून बाजूच्या पेटीत पडायला लागल्या. आमच्यातली प्रत्येकजण शिंकायला लागली. कमलीबाईने खाली उतरलेल्या मालातून मूठ भरून घेतली, उजेडात धरली, उलटसुलट केली.

"एकबी फटकी नही," ती म्हणाली. "चालना रे मन्हा जीवनभाई!"

"म्हातारा म्हणे!" मी भूपेंद्रकडे बघून म्हटलं. मला गप्प राहता येत नाही, त्याला इलाज नाही.

भूपेंद्रनेही उतरलेल्या मालातून एक मिरची उचलून बघितली, परत टाकली. मग म्हणाला, "काकी, मी बी रागमाच बोलनू. कारखाना बंद पडी जाई, आशी भीती वाटनी माले."

"माले ठाऊक शे," सरलाबाई म्हणाल्या. "आठे ये."

तो जवळ गेला आणि सवयीने खाली वाकला. लहानपणापासून दर सणाला याच बाईसमोर कपाळ पुढे करत आलेला मुलगा तो. सरलाबाईंच्या बोटावर ती टिपलेली करडी पेस्ट अजून होती. त्यांनी ती त्याच्या दोन भुवयांच्या मधे लावली. तांदळाच्या दाण्याएवढीच.

"तुन्हं डोकं बी लवकर तापस," त्या म्हणाल्या, आणि दुसरा हात त्याच्यापुढे पसरला.

बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. भूपेंद्रही हसला, खिशात हात घातला, आणि जुडगा त्या हातावर ठेवला. सरलाबाईंनी तो कमरेला खोचला आणि मालाकडे वळल्या.

मी ट्यूबचं झाकण लावलं. ती पेस्ट साबणाने लवकर निघत नाही, हे मी भूपेंद्रला सांगितलं नाही.